.४५-७० काडतुसाची बुलेट केसमध्ये (पितळी कवचात) आत सरकतेय, क्रिंपमध्ये (केसचं तोंड बुलेटवर आवळण्यात) कुठे चुकतंय?

मंडळी, मदत हवी आहे. मी ओहायोत असतो, इथे हरणाच्या शिकारीला रायफल वापरायची तर स्ट्रेट-वॉल (तोंडाशी निमुळतं न होणारं, सरळ भिंतीचं) काडतूसच लागतं, म्हणून लिव्हर अ‍ॅक्शन .४५-७० रायफल (खालचा दांडा ओढून पुढचा राउंड चढवायची) घेतली आणि रिलोडिंग (रिकाम्या केसेस पुन्हा भरणं) घरीच करतो. ३-४ फायर झाले की ट्यूबमधल्या (नळीसारख्या मॅगझिनमधल्या) शेवटच्या राउंडची बुलेट केसमध्ये आत गेलेली असते, कॅलिपरने मोजलंय. रोल क्रिंप कॅनेल्युरमध्येच (बुलेटवरच्या खाचेतच) बसतोय, पण जरा जास्त दाबला की केस फुगते आणि चेंबरला अडते. एक्सपांडर प्लग (केसचं तोंड रुंद करणारा) .४५७ इंच आणि बुलेट .४५८, म्हणजे नेक टेन्शन (केसच्या तोंडाची बुलेटवरची पकड) जेमतेम, प्लग घासून बारीक करू का? केसेस ट्रिम न करताच (कापून एका लांबीच्या न करताच) लोड केल्या होत्या (आळस, दुसरं काय), लांबी कमीजास्त म्हणून क्रिंपही कमीजास्त होत असेल का? शिवाय सीटिंग (बुलेट केसमध्ये बसवणं) आणि क्रिंप एकाच फटक्यात करतो. आत सरकलेले राउंड बाजूला काढलेत, प्रेशर वाढायची भीती वाटते.