गोळ्या कोण सोडतो, आणि का सोडतो?

ओसरी

काल एका डॉक्टरांचं टिपण तीन ग्रुपांवरून फिरत माझ्याकडे आलं. सार असं: टीबीच्या गोळ्या फुकट, तपासणी फुकट, तरी लोक जरा बरं वाटलं की गोळ्या सोडतात. अडाणीपणावर औषध नाही, आणि रुग्णांना कसं समजवावं यावर संशोधन म्हणजे पैशाची नासाडी. खाली 'अगदी बरोबर' म्हणणाऱ्यांची रांग. वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझा मामेभाऊ दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातो. दोन वर्षांपूर्वी श्रावणात त्याला टीबी निघाला. वजन ४१ किलो. गोळ्या सुरू झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी लघवी लालसर नारिंगी. टीबीच्या गोळ्यांतल्या रिफाम्पिसिनने ती तशी होतेच, घाबरण्यासारखं काही नसतं. पण हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याला वाटलं रक्त चाललंय. बायकोला न सांगता त्याने पाकीट वळचणीला खोचून ठेवलं. अडीच आठवडे! मी गावी गेलो तेव्हा ते पाकीट माझ्या हाताला लागलं.

समजावून पुन्हा सुरू केल्या, तर म्हणाला, "दादा, गोळी घेतली की भूक खवळते, आणि घरात भाकरीसंगं तिखट." तेवढ्यात मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायची वेळ आली, टोळी निघाली. तिकडे उसाच्या फडाजवळच्या आरोग्य केंद्रात त्याचं नाव चढायला सोळा दिवस गेले. आता याला अडाणी म्हणायचं का?

झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात चार जिल्ह्यांत 'रेशन्स' नावाचा अभ्यास झाला. टीबीच्या २,८०० रुग्णांच्या घरातली १०,३४५ माणसं त्यात होती. रुग्णाला सगळीकडेच धान्याची टोपली मिळाली. निम्म्या भागात घरच्यांनाही महिन्याचे तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. त्या घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी राहिलं. रुग्णांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्के वाढलं, तर मृत्यूचा धोका ६१ टक्के कमी दिसला. नासाडी म्हणतात ती ही का?

निवासी_तिसरं_वर्ष

ते टिपण माझं नाही, पण त्यातला संताप माझाही आहे. सकाळी नऊ ते दोन, एका खोलीत आम्ही दोघं आणि टेबलावर पावणेदोनशे केसपेपर. एकेकाला दीड-दोन मिनिटं. त्यात बेडका तपासला का विचारायचं, कावीळ बघायची, घरात लहान मूल आहे का विचारायचं, आणि वर लघवीचा रंगही सांगायचा. न सांगितल्याचं खापर मात्र फुटतं आमच्याच डोक्यावर.

आणि धान्याचं म्हणाल, तर इतिहास पुरता वाचा. मद्रासच्या क्षयरोग केंद्रात १९५६ साली सुरू झालेला अभ्यास आठवा. १९३ रुग्ण. अर्धे सॅनेटोरियममध्ये, म्हणजे क्षयरोग्यांच्या रुग्णालयात, खाट, विश्रांती, चांगलं जेवण. अर्धे घरी, दाटीवाटीत, मिळेल ते खाऊन. वर्षभर दोघांना गोळ्या त्याच. निकाल जवळपास सारखे, आणि घरच्यांना लागण जास्त झाली नाही. त्या एका अभ्यासाने जगभरची सॅनेटोरियमं ओस पडायला लागली. गोळी पोटात गेली पाहिजे, हे खरं. बाकी सगळं त्यानंतर.

ओसरी

डॉक्टरसाहेब, मद्रासचा अभ्यास मलाही ठाऊक आहे, आणि तुम्ही त्याचा अर्धाच भाग सांगताय. घरच्या रुग्णांपर्यंत तिथली माणसं जात होती, अचानक जाऊन गोळ्या मोजत होती, लघवी तपासून गोळी घेतली का ते बघत होती. माणूस दारात आला होता म्हणून जमलं. आपण पुढे त्यातलं 'जेवणाने फरक पडत नाही' एवढंच उचललं आणि साठ वर्षं भुकेल्या माणसाला गोळ्या दिल्या. टीबीच्या रुग्णाला खाण्यासाठी मिळणारे सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याला ५०० रुपये सुरू व्हायला २०१८ उजाडलं, त्याचे १,००० व्हायला २०२४.

रानवाट

दोघंही एका बाजूला ओढताय. धान्य हवं, गोळी हवी, पण 'समजावणं' हे दोघांनाही किरकोळ वाटतंय. त्याच झारखंडातला आणि शेजारच्या ओडिशातला 'एकजूट' संस्थेचा अभ्यास बघा. २०१० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. आदिवासी गावांत बायकांच्या महिन्याच्या बैठका. शिकवणारी गावातलीच बाई, हातात चित्रांचे पत्ते, गोष्टी, खेळ. बाळं का दगावतात याची कारणं बायकांनीच शोधायची, उपायही त्यांनीच ठरवायचे. तीन वर्षांत नवजात बालमृत्यू ३२ टक्क्यांनी कमी. तिथे कुणी इंजेक्शनं वाटली नाहीत. बोलणं होतं, आणि ऐकणं होतं.

निवासी_तिसरं_वर्ष

मग गडचिरोलीचंही सांगा. बंग दांपत्याच्या 'सर्च'ने ३९ गावांत गावातल्याच बायकांना तयार केलं, १९९९ मध्ये लॅन्सेटला छापून आलं, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. पण त्या बायका बैठका घेऊन थांबल्या नाहीत. बाळाचं वजन केलं, श्वास मोजला, जंतुदोष वाटला तर जेंटामायसिनचं इंजेक्शन दिलं. ६२ आणि ३२ मधला फरक त्या इंजेक्शनाचा.

रानवाट

दोन वेगळ्या जागा, वेगळी वर्षं, वेगळी पद्धत. त्यांचे आकडे असे शेजारी ठेवून वजाबाकी करता येत नाही, हे तिसऱ्या वर्षाच्या डॉक्टरला मी सांगायचं?

औषधवाला

मी बावीस वर्षं दुकानात उभा आहे. तुम्ही झारखंडला जाऊन भांडताय, पेशंटचं शिक्षण माझ्या काउंटरवर बुडतं. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, तेही घाईत खरडलेलं. बीडी, टीडीएस, एचएस, म्हणजे दिवसातून दोनदा, तीनदा, झोपताना. २०१६ साली मेडिकल कौन्सिलने नियम केला, औषधाचं नाव वाचता येईल असं आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहा. रोज शंभर चिठ्ठ्या येतात, त्यातल्या दहाही धड वाचता येत नाहीत.

माझ्या सख्ख्या आईचं सांगतो. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट दिलं, आठवड्यातून एकदा घ्यायचं. कार्डावर तो एक शब्द इंग्रजीत. मी तेव्हा बाहेरगावी. शेजारच्या पोराने वाचून सांगितलं, 'रोज एक.' आईने नऊ दिवस रोज घेतली. तोंड आतून सोललं, पाणी गिळवेना, रक्तातल्या पेशी खाली आल्या. अकरा दिवस भरती. आईला लिहिता-वाचता येतं हो! सातवी शिकलेली आहे, रोज पोथी वाचते. कार्ड मराठीत असतं तर हे झालं नसतं.

बेळगावकर_जुना

+१. आमच्याकडे तर कार्ड इंग्रजीत नाहीतर कन्नडमध्ये. वडील ८१ वर्षांचे, दोन्ही वाचता येत नाहीत. गोळ्यांच्या डब्यावर मी मराठीत चिठ्ठ्या चिकटवतो. हक्काच्या भाषेत औषध कळू नये, इतकं अपमानास्पद काही नाही.

निवासी_तिसरं_वर्ष

काका, आईंचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण मराठी कार्ड लिहिलं आणि पेशंट उपचाराला हैदराबादला गेला तर? माझ्या वॉर्डात निम्मे बांधकामावरचे मजूर, बिहार-ओडिशाचे. परवा एक आजी आल्या, त्या गोंडीशिवाय बोलत नव्हत्या. त्यांना मराठी कार्ड म्हणजे इंग्रजीच की. भाषेचा अभिमान वेगळा, उपचार वेगळा.

औषधवाला

अभिमानाचा विषय काढलाच नव्हता मी. आई मरता मरता वाचली, ते सांगितलं. डॉक्टरला डॉक्टरशी बोलायची सोय हवी म्हणून पेशंटच्या हातात परका कागद द्यायचा, आणि वर आम्हाला भाषाभिमानी ठरवायचं? कार्ड पेशंटचं आहे. तुम्हाला इंग्रजी पान हवं तर ते दुसरं जोडा.

निवासी_तिसरं_वर्ष

दुसरं पान लिहायला तिसरा माणूस आणा! ३६ तासांची ड्युटी संपवून मी कार्ड लिहिते. चिडून बोलले असेन, पण मला खलनायक करू नका.

सिस्टर_वॉर्ड_नंबर_सात

डॉक्टरताई, तुम्हाला कोणी खलनायक करत नाहीये, आणि काकांचंही खरं आहे. मी स्त्री-वॉर्डात एकोणीस वर्षं काढली. मी काय करते ते सांगते.

घरी सोडताना गोळीच्या पाकिटावर स्केचपेनने उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य, चंद्र. जेवणाआधी असेल तर रिकामं ताट, नंतर असेल तर भरलेलं. आठवड्याची गोळी असेल तर बाजाराचा वार विचारते. 'तुमचा बाजार कधी?' 'गुरुवारी.' मग पाकिटावर बाजाराची पिशवी काढते, बाजाराच्या दिवशीच घ्यायची. गोंडी असो, भोजपुरी असो, बाजार सगळ्यांना असतो.

आणि मुख्य म्हणजे मी 'कळलं का' असं विचारत नाही. 'कळलं का' म्हटलं की बाई मान हलवतेच, न कळता हलवते. मी म्हणते, 'आता घरी सासूबाईंनी विचारलं तर काय सांगाल?' मग ती सांगते, आणि चुकीचं कुठे समजलंय ते तिथेच कळतं. दहातल्या चौघी-पाचजणी पहिल्या वेळी चुकतात. शिकलेल्याही चुकतात.

ओसरी

सिस्टर, हेच तर. याला संशोधनाचे पैसे द्यावेत की नाही, हा मूळ प्रश्न होता.

बेळगावकर_जुना

सूर्य-चंद्र ठीक, पण म्हणून लिखित मराठी नकोच असं होत नाही. चित्रं ही वाचता न येणाऱ्यांची सोय आहे. वाचता येणाऱ्याला त्याच्या भाषेत मिळालंच पाहिजे.

सिस्टर_वॉर्ड_नंबर_सात

दादा, नको असं मी कुठे म्हटलं? मी आज काय करते ते सांगितलं, कारण आज कार्ड इंग्रजीत आहे.

आशा_गट_प्रवर्तक

सगळं वाचलं. सगळ्यांची भांडणं शेवटी ज्या बाईच्या पायावर येतात ती आमची आशाताई. बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं, त्याचे सगळे मिळून अडीचशे रुपये. टीबीचा रुग्ण सहा महिने सांभाळायचा, तो बरा झाला की हजार. मधे तो ऊसतोडीला गेला तर ते हजारही हातात पडतील याचा भरवसा नाही. गडचिरोलीचा अभ्यास छापून आला, देशभर कार्यक्रम झाला, आनंद आहे. पण तिथल्या बाईला जेवढं प्रशिक्षण आणि पाठीशी माणूस होता, तेवढं आमच्या वाट्याला आलंय का? माझ्या गटात तीन वजनकाटे बंद आहेत. बाळ झोळीत घालून काटा हलतच नाही, तेव्हा आई आमच्या तोंडाकडे बघते. 'शिक्षण द्या, समुपदेशन करा' म्हणणाऱ्यांनी आधी तो काटा दुरुस्त करून द्या.

रानवाट

ताई, हे मान्यच करावं लागेल. एकजूटच्या बैठका घेणाऱ्या बाईकडेही काम नेमकं आणि मोजकं होतं. तुमच्याकडे पंचवीस कामं आहेत. मी फक्त निकालाचा आकडा सांगितला, ती बाजू सांगायची राहिली.

निवासी_तिसरं_वर्ष

ओसरी, तुमच्या भावाबद्दल. रिफाम्पिसिन सुरू करताना लघवी नारिंगी होईल हे सांगायला आठ सेकंद लागतात. आज ओपीडीत घड्याळ लावून बघितलं. सोळा जणांना सांगितलं. त्यात एक मावशी परत फिरून आल्या आणि म्हणाल्या, 'मागच्या वेळी मी याच्यामुळेच सोडल्या होत्या.' एवढं मी मागे घेते. पावणेदोनशे केसपेपरांचं मात्र एक अक्षर मागे घेत नाही, आणि आधी धान्य की आधी डॉक्टर असं विचाराल तर अजूनही डॉक्टरच म्हणेन.

सिस्टर, बाजाराच्या पिशवीच्या चित्राचा फोटो टाकता का? आमच्या वॉर्डात मेथोट्रेक्सेटवर पाच पेशंट आहेत.

सिस्टर_वॉर्ड_नंबर_सात

टाकते. रात्रपाळी आहे, दहानंतर. पण वार प्रत्येकीला विचारूनच काढा. गुरुवार माझ्या वॉर्डातला आहे, तुमच्याकडे बाजार मंगळवारचा असेल.

ओसरी

मामेभाऊ बरा आहे, ४८ किलो. या दिवाळीनंतर पुन्हा टोळीत निघालाय. सोबत पोरगा आहे, बारा वर्षांचा, आणि तो गेला महिनाभर खोकतोय. उद्या त्याचा बेडका तपासायला नेतोय. टोळी परवा निघते.