मदत हवी आहे: सर्फिंग करताना मोठा प्राणी अगदी जवळ आला तर? सोबत फक्त बाईक

लाटवेडा
किनाऱ्याकिनाऱ्याने बाईकवर जायचं, जमेल तिथे सर्फिंग करायचं, असा बेत आहे. एकटाच, बोर्ड बाजूच्या रॅकवर. बऱ्याच ठिकाणी जीवरक्षक नसणार. जाणकारांनी सांगावं:
१) लाटेची वाट बघत बसलो असताना दोन हातांवर शार्क-डॉल्फिनसारख्या प्राण्याचा पाठीवरचा पर वर आला तर काय करायचं?
२) चावा किंवा काटा लागलाच तर बाईकवर मावेल असं काय सामान ठेवावं?
३) पाण्यात उतरताना किल्ली कुठे ठेवायची?

खारा_वारा
आधी बघा काय आहे ते. डॉल्फिनचा पर मागे बाकदार असतो, वर येतो आणि गोलाई घेत खाली जातो. जवळ असेल तर श्वासाचा 'फुस्स' आवाजही येतो. शार्कचा पर एकाच पातळीत पाणी कापत जातो, कधीकधी मागे शेपटीचं टोक डावी-उजवीकडे हलताना दिसतं.

ओळख पटो न पटो, हातपाय पाण्याबाहेर घ्या, बोर्डवर पोटावर झोपा आणि नजर त्याच्यावरून काढू नका. दूर गेला की संथ, सलग हात मारत किनाऱ्याकडे वळा. पुढची फेसाळ लाट झोपूनच पकडा, उभं राहायची हौस नको. फडफडाट, आरडाओरडा टाळा. अंगावर आलाच तर बोर्ड मध्ये धरा आणि डोळे किंवा कल्ले यांवर मारा, नुसते हात झाडून काही होत नाही.

नदीचं मुख, पावसानंतरचं गढूळ पाणी, सूर मारणारे पक्षी, पहाटेचा किंवा तिन्हीसांजेचा अंधूक उजेड, यांतल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर तिथे उतरूच नका.

वाळूवर सील पहुडलेला असेल तर तो आणि पाणी यांच्या मध्ये उभे राहू नका. चावला तर डॉक्टरांना 'सील चावला' असं स्पष्ट सांगा, त्या जंतुसंसर्गाची औषधं वेगळी असतात.

घोटाभर_पाणी
शार्कची भीती सगळ्यांना, पण पायाखाली येतं ते पाकट (स्टिंगरे, शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा). उथळ वाळूत ते अंगावर वाळू ओढून बसतं, वरून दिसत नाही. पाऊल उचलून टाकू नका, तळवा वाळूवरून घासत चला. धक्का लागला की ते निघून जातं. पाय पडला तर शेपटीचा करवती काटा बहुधा पाऊल किंवा घोट्यात घुसतो.

विषाचा जोर उष्णतेने कमी होतो. म्हणून साधारण ४५ अंशांच्या, सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय ३० ते ९० मिनिटं. पाण्याचा अंदाज दुखऱ्या पायाने घेऊ नका, हाताने घ्या, नाहीतर पाय भाजेल. काट्याचा तुकडा आत राहू शकतो, म्हणून नंतर एक्स-रे आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. काटा छाती, पोट किंवा मानेत रुतला असेल तर हात लावू नका, तसाच स्थिर ठेवून रुग्णालय गाठा.

लाटवेडा
बाईकवर एवढं गरम पाणी कुठून आणू?

घोटाभर_पाणी
एक लिटरचा थर्मास. पाणी ८० अंशांवर असेल आणि त्यात २० अंशांचं सुमारे १.४ लिटर मिसळलं तर जवळपास ४५ होतं. सगळं एकदम ओतू नका, दहा मिनिटांत ते कोमट होतं. अरुंद ड्राय बॅगेत (पाणी न झिरपणाऱ्या पिशवीत) पाय घाला, म्हणजे थोडक्या पाण्यात पाऊल बुडतं. तरी ९० मिनिटं थर्मास पुरत नाही, छोटा गॅस स्टोव्ह असलेला बरा.

मोटारवेडी
जेलीफिशसाठी सगळीकडे व्हिनेगर चालतं ना?

घोटाभर_पाणी
नाही. बॉक्स जेलीफिशवर व्हिनेगर ३० सेकंद ओता. ब्लूबॉटलवर (निळ्या फुग्याचा, जेलीफिशसारखा प्राणी) नको, तिथे तंतू काढून, समुद्राच्या पाण्याने धुऊन गरम पाणी. लघवीचा 'उपाय' विसरा, वाळूने चोळणंही.

क्लच_केबल
बाईकवाल्यांची खरी अडचण पुढे आहे. प्राणी दोन मिनिटांत निघून जातो, बाईक मात्र तुम्हालाच चालवायची असते. डावं पाऊल गेलं की गिअर गेला, उजवं गेलं की मागचा ब्रेक. त्यातून बाजूच्या रॅकवरचा बोर्ड वाऱ्यात शिडासारखा ओढतो, थांबल्यावर तोल सावरायला दोन्ही पाय लागतात. म्हणून मोठ्या जखमेनंतर बाईक चालवायचीच नाही, मदत जागेवर बोलवायची. फोन वॉटरप्रूफ पाउचमध्ये ठेवा, आणि कुठे उतरताय, किती वाजता बाहेर येणार हे कुणाला तरी कळवून ठेवा.

रक्त उसळत असेल तर दाब द्या, हातापायावर असेल तर टूर्निकेट (रक्त थांबवायला आवळायचा पट्टा): जखमेच्या ५-७ सेंटीमीटर वर, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत पिळायचा, वेळ लिहायची. सैल केला तर रक्त पुन्हा सुरू होतं. लीश (बोर्ड पायाला बांधायची दोरी) शेवटचा पर्याय, ती ताणते आणि अरुंद असते. पिळायची दांडी असलेला तयार टूर्निकेट घ्या आणि तो पाण्यात अंगावर, कमरेच्या पाउचमध्ये ठेवा. कुलूपबंद पॅनियरच्या (बाईकच्या बाजूच्या पेटीच्या) तळाशी असेल तर नसल्यासारखाच.

किल्ली: साधी असेल तर वेटसूटच्या आतल्या खिशात, दोरीला बांधून. रिमोट फोब (बटणाने बाईक सुरू करू देणारी इलेक्ट्रॉनिक किल्ली) पाण्यात नेऊ नका. तो बाईकवर लपवून ठेवला तर चोराला बाईक नुसती बटण दाबून सुरू करता येते, म्हणून डिस्क लॉक (चाकाच्या ब्रेक डिस्कला लावायचं कुलूप) लावा आणि त्याची साधी किल्ली सोबत न्या. प्रथमोपचाराची पिशवी टँक बॅगेत वर, बिनकुलपाची. तुम्ही खाली पडलात तर ती उघडणारा माणूस अनोळखी असेल.