बायबलमधली प्रश्नचिन्हं कोणी टाकली? आणि ती मानायचीच का?

रविवारचा_वाचक:
आमच्या चर्चमध्ये शास्त्रवाचन बऱ्याचदा माझ्याकडे असतं. मध्यंतरी योहानाच्या शुभवर्तमानाचा १६वा अध्याय वाचत होतो. शेवटच्या रात्री शिष्य येशूला म्हणतात, आता कळलं, तू देवापासून आलास यावर आमचा विश्वास आहे. त्यावर ३१व्या वचनात येशू म्हणतो, "आता तुम्ही विश्वास ठेवता काय?" नंतर एका पोराने त्याचं एनआयव्ही, म्हणजे 'न्यू इंटरनॅशनल व्हर्जन' हे इंग्रजी बायबल दाखवलं, १९८४ची जुनी आवृत्ती, तिथे साधारण "बसला एकदाचा विश्वास!" असं, चक्क उद्गारचिन्ह. २०११च्या एनआयव्हीत परत प्रश्न. म्हणजे २७ वर्षांत येशूचा सूरच बदलला की.

मुळात ग्रीकमध्ये दोनच शब्द आहेत, 'आर्ती पिस्तेउएते', चिन्ह नाहीच. कोडेक्स सिनायटिकस या चौथ्या शतकातल्या बायबलच्या हस्तलिखिताचे फोटो नेटवर आहेत ते बघा, सलग कॅपिटल अक्षरं, दोन शब्दांत जागासुद्धा सोडलेली नाही. ग्रीकचं प्रश्नचिन्ह, जे दिसायला आपल्या अर्धविरामासारखं असतं, ते कित्येक शतकांनी आलं. माझं म्हणणं एवढंच की चिन्हं म्हणजे शास्त्र नाही, संपादकाचं मत आहे, आणि ती नसल्यासारखंच वाचावं.

ग्रीकचा_विद्यार्थी:
दादा, अर्धंच सांगताय. चिन्ह नव्हतं म्हणून प्रश्न कळत नव्हता असं नाही. कोण, कुठे, का हे शब्द ग्रीकमध्येही आहेतच, शिवाय हो-नाहीच्या प्रश्नात 'ऊ' आलं की उत्तर 'हो' अपेक्षित, 'मे' आलं की 'नाही'. योहान ४:२९ला शोमरोनी बाई गावात जाऊन म्हणते, हाच ख्रिस्त असेल का, तिथे 'मेती' आहे, 'मे'चंच रूप, म्हणजे तिला वाटतंय पण ठामपणे बोलायला कचरतेय, आणि हे सगळं एका शब्दात कळतं. गडबड होते ती मोजक्याच ठिकाणी, तुमचं १६:३१ त्यातलं. तेवढ्यावरून सगळीच चिन्हं उडवायची म्हणजे उंदरापायी घर जाळणं झालं.

रविवारचा_वाचक:
मोजकी असतील, पण कुठली ते बघा ना. पौलाचं रोमकरांस पत्र, ८:३३. देवाच्या निवडलेल्यांवर आरोप कोण करणार? पुढे "देव, जो नीतिमान ठरवतो". हे उत्तर की अजून एक प्रश्न? जुन्या काळचा मोठा ख्रिस्ती विद्वान संत ऑगस्तीन यावर थांबला होता. त्याचं म्हणणं, उत्तर म्हणून वाचलंत तर आरोप करणारा देवच ठरेल, त्यापेक्षा "नीतिमान ठरवणारा देव करणार का?" असं विचारल्यासारखं वाचा. आपण छापलेलं बघून धडाधड वाचत सुटतो.

मोडीप्रेमी:
मी चर्चवाला नाही, पण मोडीतही हेच. शब्द तोडलेले नाहीत, विरामचिन्हं नाहीत, तरी कारकुनांचं अडत नव्हतं. मराठीत ही चिन्हं एकोणिसाव्या शतकात इंग्रजी वळणाने आली, मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याचं नाव घेतात त्यात. वाचता येणाऱ्याला संदर्भ पुरतो.

केडगावची_लेक:
खरी गोम कोणी बोलतच नाहीये. मराठीत भांडण चिन्हाचं नाहीच, 'काय'चं आहे! इंग्रजीवाला चिन्ह बदलून मोकळा होतो, आपल्याकडे भाषांतरकार येशूच्या तोंडी एक अख्खा शब्द घालतो. "विश्वास ठेवता काय?" मधलं प्रश्नचिन्ह खोडा, काही फरक पडतो? नाही. 'काय' खोडा, मग बघा. आणि घरी कोण बोलतं 'काय' लावून? आई विचारते, "जेवलास?" नुसता सूर. आमच्या केडगावात पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत केलं, १९२४ला छापून आलं, त्या काय गंमत म्हणून मुळापर्यंत गेल्या का?

वसईकर:
ताईंना अनुमोदन. झावळ्यांच्या रविवारी येशूच्या दुःखसहनाचं वाचन वाटून करतो आम्ही, एकदा माझ्याकडे पिलात होता, येशूचा न्याय करणारा रोमी सुभेदार. "तू यहूद्यांचा राजा आहेस काय?" मी वकिलासारखं खणखणीत विचारलं, तर फादर तालमीत म्हणाले, थोडी टर उडवून म्हण. शब्द तेच, चिन्ह तेच, पिलातच बदलला.

ग्रीकचा_विद्यार्थी:
टर पण प्रश्नच असते ना वसईकर. आणि केडगावताई, भाषांतरकाराला कधीतरी निवड करावीच लागते. उत्पत्ती ३:१ घ्या, बागेतल्या कुठल्याच झाडाचं खाऊ नका असं देव म्हणाला, हे साप हव्वेला म्हणतो, त्याची सुरुवात हिब्रूत 'अफ की', प्रश्नाचा नेहमीचा प्रत्यय नाही. पण ख्रिस्तापूर्वीच्या ग्रीक भाषांतरात तिथे सरळ "देव असं का म्हणाला" असा प्रश्न आहे. म्हणजे संपादकांच्या कितीतरी आधी यहुदी भाषांतरकारांनीच निवड केली. त्यांनाही उडवणार?

रविवारचा_वाचक:
सापाचं मान्य. तिथे प्रश्न वाटत नाही, अर्धं बोलून सोडून दिल्यासारखं वाटतं, आणि ते सापाला शोभतंही. पण १६:३१वर मी ठाम आहे. लगेच पुढच्या वचनात येशू म्हणतो, तुमची पांगापांग होईल, मला एकटं टाकाल. म्हणजे त्याला उत्तर माहीतच आहे, मग विचारतो कशाला? मी पुढच्या वेळी "आता विश्वास बसला तुमचा" एवढंच म्हणून दोन क्षण थांबणार.

केडगावची_लेक:
वाचा तसंच. फक्त पाळकसाहेबांना आधी सांगून ठेवा, नाहीतर पहिल्या बाकावरच्या आजी छापलेला 'काय' कुठे गेला म्हणून उपासनेनंतर पकडतील तुम्हाला.