डोंबिवलीत नवीन आलोय, वीकेंडला काय करता तुम्ही लोक?

नवा_भाडेकरू: दोन महिने झाले पूर्वेला राहायला आलोय, ऑफिस-लोकल-घर एवढंच चाललंय. मॉल नको, आईबाबा आणि सात वर्षांची मुलगी आहे. काही सुचवा ना.

फडकेरोडवाली: दिवाळीत पहाटे फडके रोडला या, बस्स! नवे कपडे घालून सगळी तरुणाई गणपती मंदिराकडे निघते, शाळेतले मित्र वर्षातून एकदा तिथेच भेटतात, पाय ठेवायला जागा नसते म्हणून आईबाबांना मात्र नंतर निवांत दर्शनाला न्या.

एमआयडीसीकर: आणि गुढीपाडव्याची शोभायात्रा चुकवू नका. १९९९ ला आपल्या डोंबिवलीतच सुरू झाली, मग ठाणे, गिरगाव सगळीकडे पसरली (गिरगावकरांना सांगू नका 😄). ढोलताशा, लेझीम, चित्ररथ, मुलगी खूश होईल. एरवी सावित्रीबाई फुले नाट्यमंदिरात नाटक बघा, मुंबईला जायची कटकट नाही.

नवा_भाडेकरू: वा, नाटक आईला आवडेल. पाडव्याला गाडी कुठे लावू?

एमआयडीसीकर: गाडी?? घरीच ठेवा हो, चालत या.