पाउचमधली पाईपची तंबाखू दोन दिवसांत कडक वाळतेय, मदत हवी आहे (अर्जंट)

गोदाकाठचा_धूर
नमस्कार मंडळी, थोडक्यात विचारतो कारण डोकं फिरलंय. पाईपची तंबाखू पाउचमध्ये भरली की दोन दिवसांत वाळून पार पाचोळा होते. बोटात धरली की चुरा, पाईपमध्ये भरली की भसाभस जळते, जीभ पोळते, आणि चव म्हणाल तर गवत पेटवल्यासारखी. डब्यात असते तोपर्यंत एक नंबर. पाउच चांगल्या लेदरचं आहे, फुटपाथवरचं नाही. रविवारी गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला जायचंय, त्याच्या आत काहीतरी सांगा. आणि प्लीज "सोडून द्या" नको, ते घरात रोज ऐकतो.

सातपूरचा_फिटर
कुठली तंबाखू? पाउच घडीचं की चेनचं? आत अस्तर काय? किती भरता, कुठे ठेवता? गाडी बंद पडली म्हणून मेकॅनिकला फोन करायचा आणि गाडी कुठली ते सांगायचंच नाही, असं झालं हे.

गोदाकाठचा_धूर
साधीच आहे हो तंबाखू. आणि पाउच लेदरचं, लिहिलंय की वर.

सातपूरचा_फिटर
साधी म्हणजे काय? डब्यावर काय छापलंय ते वाचा जरा. व्हर्जिनिया, बर्ली, लटाकिया, कॅव्हेंडिश? सुगंधी कॅव्हेंडिश असेल तर त्यात बहुतेक वेळा प्रॉपिलीन ग्लायकॉल (ओलावा धरून ठेवणारं द्रव) घातलेलं असतं, ती अशी दोन दिवसांत वाळत नाही, उलट चिकट राहते आणि ओढताना पाईप गुडगुडतो. तुमची वाळतेय म्हणजे दुसरी काहीतरी असणार.

चंचीवाले_आप्पा
आमच्या वडिलांची चंची होती. खणाच्या कापडाची, पाच कप्प्यांची, दोरी ओढली की तोंड बंद. एका कप्प्यात ओल्या फडक्यात पानं, एकात सुपारी, एकात तंबाखू, चुन्याची डबी वेगळी. शेतात जाताना कमरेला, झोपताना उशाशी. जन्मभर वापरली, तंबाखू वाळला म्हणून कधी कुरकुर नाही. आता हजारो रुपयांची चामड्याची थेरं करायची आणि मग विचारत बसायचं. रविवार पेठेत शिवून मिळेल बघा कुणाकडे तरी.

रात्रपाळी_अंबड
आप्पा, खायची तंबाखू वाळलेलीच असते हो, मळून चुना लावायचा असतो तिला. पाईपचं गणित उलटं आहे.

चंचीवाले_आप्पा
"तिला" काय? तंबाखू तो. तो तंबाखू. आमच्याकडे तरी तंबाखू पुल्लिंगीच आहे.

इंदिरानगरकर_ताई
ती तंबाखू. "तंबाखू खाल्ली" म्हणतो ना आपण, "खाल्ला" कोण म्हणतं?
बरं, धागा निघालाच आहे तर विचारते. आमचे अहो पण पाईप ओढतात गॅलरीत, पण वास सगळा हॉलच्या पडद्यांना. दोनदा धुतले तरी जात नाही. काही उपाय?

निफाडचा_बागाईतदार
द्राक्षाच्या पेटीत आम्ही ग्रेप गार्डचा कागद टाकतो, माल परदेशात पोचेपर्यंत हिरवागार राहतो, देठसुद्धा सुकत नाही. त्याचा एक तुकडा कापून पाउचमध्ये टाका, विषय संपला. लागला तर माझ्याकडे आहेत शिल्लक.

रसायन_काका
अजिबात नको!! बागाईतदार, तुमचा हेतू चांगला आहे पण त्या कागदात सोडियम मेटाबायसल्फाइट असतं. ओल लागली की सल्फर डायऑक्साइड सुटतो, म्हणून बुरशी येत नाही. देठ हिरवा राहतो तो कोल्ड स्टोरेजमुळे आणि पेटीतल्या प्लास्टिकच्या अस्तरामुळे, कागद काही ओलावा देत नाही. तो गॅस तंबाखूत मुरवून वर पेटवून ओढायचा? छातीत जाईल माणसाच्या.

निफाडचा_बागाईतदार
बरं बरं, राहिलं. आम्हाला वाटलं फळाला चालतं म्हणजे पानालाही चालेल.

भद्रकालीचा_भाचा
एवढं काय डोकं लावायचं, सफरचंदाची फोड टाका. मी तर पेरूची टाकतो, वास पण मस्त येतो. नाहीतर रमचे दोन थेंब.

रात्रपाळी_अंबड
पेरूच्या फोडीने चौथ्या दिवशी पांढरी लव आली होती माझ्या तंबाखूवर, ५० ग्रॅमचा अख्खा डबा कचऱ्यात. फळ, बटाटा, ब्रेडचा तुकडा, सगळं एकच. ओलावा देतं तितकीच बुरशीपण देतं.

भद्रकालीचा_भाचा
मग रात्री काढून ठेवायची ना फोड. तुम्ही विसरलात म्हणून पेरू वाईट का?

गोदाकाठचा_धूर
पेरू-बिरू नको, बुरशीचं नाव काढू नका माझ्यासमोर. गेल्या पावसाळ्यात एक डबा तसाच गेलाय, म्हणून तर तेव्हापासून काळजी घेतोय.
डब्यावर व्हर्जिनिया आणि पेरिक असं आहे. २५ ग्रॅमच्या आसपास भरतो पाउचमध्ये. पाउच घडीचं आहे, गुंडाळायचं, आत रबराचं अस्तर होतं ते तडकलं म्हणून मी काढून टाकलं, नुसतं लेदर भारी वाटतं हाताला.

सातपूरचा_फिटर
हे आधी सांगायचं हो!!! तेच अस्तर पाउचचा जीव असतं. लेदर हवा खेळू देतं, चपलेला ते बरं, तंबाखूला नाही. घडीचं पाउच एरवीही हवाबंद नसतं. आणि आता एप्रिल, आपल्याकडची हवा कशी असते दुपारची, ओठ फुटतात, तिथे तंबाखूचं काय.
सोपं करा. पाउचमध्ये फक्त दोन-तीन दिवसांची न्यायची, ८-१० ग्रॅम. बाकीची घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, लोणच्याची नको, वास जात नाही. आणि ती ८-१० ग्रॅम छोट्या झिप पिशवीत घालून मग पिशवी पाउचमध्ये. दिसायला राजेशाही नाही पण चालतं.
आता एक राहिलं, पाउच दिवसभर कुठे असतं?

निपाणीचा_जावई
पेरिक म्हणजे अमेरिकेतल्या लुइझियानाची, सेंट जेम्स परगण्यातली. पिंपात दाबून महिनोन्महिने आंबवतात. मिरीसारखी झणझणीत. आपल्याकडे असं कुणी का करत नाही? आमच्या सासुरवाडीला निपाणीत एवढी तंबाखू पिकते.

रात्रपाळी_अंबड
निपाणीची विडीची तंबाखू हो. पाईपची जात वेगळी, वाळवण वेगळी. १९८१ ला शरद जोशींनी तिथे तंबाखूवाल्यांचं आंदोलन केलं ते भावासाठी, पाईपसाठी नाही.

चंचीवाले_आप्पा
सिन्नरला घराघरांत विड्या वळायच्या बाया. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. पान वाळलं की वळताना फाटतं, म्हणून पानं ओल्या फडक्यात. आणि २०१५ च्या सिंहस्थात तपोवनात साधू पाहिले, चिलमीला ओलं फडकं गुंडाळून ओढत होते. ओल्या फडक्याशिवाय गत्यंतर नाही, हे त्यांना कळतं आणि तुम्हाला कळत नाही.

भद्रकालीचा_भाचा
आप्पा ती साफी. धूर गार व्हावा आणि राख तोंडात येऊ नये म्हणून असते, माल ओला ठेवायला नाही. आणि त्या चिलमीत काय होतं ते नका सांगायला लावू.

जपून_जगा
सोडायला सांगू नका म्हणालात तरी सांगतो, माफ करा. १८००-११-२३५६ ही सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची मोफत हेल्पलाइन आहे. पाईपचा धूर गिळत नाही म्हणून सेफ, हा गैरसमज आहे. ओठ, जीभ, घसा, सगळ्याला धोका. माझ्या सख्ख्या मामाचं पाहिलंय. एवढंच, पुन्हा लिहिणार नाही.

गोदाकाठचा_धूर
@जपून_जगा, नंबर घेतला लिहून. खरंच.
@फिटर, पाउच बाइकच्या टाकीवरच्या बॅगेत असतं. ऑफिसला गेलो की गाडी पार्किंगमध्ये, शेड नाहीये. पण पाउच बंद असतं हो आणि आत पुड्या पण टाकल्यात, तरी वाळते म्हणून तर धागा काढला.

रसायन_काका
कसल्या पुड्या??

गोदाकाठचा_धूर
त्या कॅमेऱ्याच्या बॅगेत येतात ना, फ्रेश ठेवणाऱ्या. निळ्या गोळ्यांच्या. गेल्या पावसाळ्यात बुरशी लागली तेव्हा साडूंनी दिल्या होत्या, तेव्हापासून पाउचमध्येच आहेत. त्यांचं पण नीट करतो मी, गोळ्या गुलाबी झाल्या की खराब झाल्या असं साडू म्हणाले, म्हणून दर रविवारी तव्यावर गरम करून परत निळ्या करतो. दोन पुड्या आहेत.

सातपूरचा_फिटर
🤦

रात्रपाळी_अंबड
अहो धूर!!! सिलिका जेल आहे ते!!!! पाणी शोषायलाच बनवलंय ते!!

रसायन_काका
हसू नका रे, पावसाळ्यात त्यांचं चुकलं नव्हतं फारसं. पण आता हिशोब बघा. पाईपची तंबाखू साधारण १२ ते १६ टक्के पाण्याची असते. तुमच्या २५ ग्रॅममध्ये धरा ४ ग्रॅमच्या आत पाणी. पुडी साधारण ५ ग्रॅमची असेल तर दोन मिळून १० ग्रॅम सिलिका. सिलिका आपल्या वजनाच्या पाव हिस्सा पाणी सहज पिते. म्हणजे अडीच ग्रॅम. उरलं काय? आणि गोळ्या पिऊन तृप्त झाल्या, गुलाबी झाल्या, की तुम्ही तव्यावर त्यांची तहान परत आणता. दर आठवड्याला.
दुसरं, निळा रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो. विषारी आहे. पुडी फुटून एखादी गोळी तंबाखूत गेली तर पेटवून ओढाल. आणि तो तवा पोळ्यांचा असेल तर बदला.

इंदिरानगरकर_ताई
तव्याचं वहिनींना सांगितलंय का?

गोदाकाठचा_धूर
नाही सांगितलं. सांगणारपण नाही. जुना होता, दिला भंगारात.
साडूंशी बोलायचंय मात्र.
आता वाळलेल्या तंबाखूचं काय करू? ३० एक ग्रॅम आहे, दुबईहून मित्राने आणलेली, फेकवत नाही.

भद्रकालीचा_भाचा
पाणी शिंपडा, हलवा, झालं.

सातपूरचा_फिटर
शिंपडू नका. वरची ओली आणि आतली वाळकी राहते, आणि मग बुरशी. पसरट भांड्यात मोकळी करून ठेवा, भांड्याच्या तोंडावर घट्ट पिळलेलं ओलं फडकं ताणून बांधा, तंबाखूला टेकता कामा नये. तासा-दीड तासाने उघडून खालीवर करा. चिमूट दाबून बघायची. दाबल्यावर गोळाच राहिला तर जास्त झालं, कुरकुर आवाज आला तर अजून वेळ आहे, हळूहळू उलगडली की थांबा. आप्पांचं ओलं फडकं इथे मात्र बरोबर आहे.

चंचीवाले_आप्पा
आलात ना शेवटी फडक्यावर.

रसायन_काका
मऊ होईल, पण उडून गेलेला वास पूर्ण परत येत नाही, ती आशा ठेवू नका.
पुढच्यासाठी ओलावा राखायच्या पुड्या मिळतात, बोवेडा वगैरे, आत मिठाचं द्रावण आणि बाहेर फक्त वाफ जाऊ देणारं आवरण. हवा कोरडी झाली की पाणी सोडतात, दमट झाली की ओढून घेतात, म्हणजे तुमचा एप्रिल पण सांभाळला आणि जुलै पण. पुडीवर किती टक्के आर्द्रता राखते तो आकडा असतो, पाईपसाठी ६२ किंवा ६५ चा बघून घ्या, सिगारवाले ६९-७२ घेतात, तो आपल्याला जास्त होतो. ८ ग्रॅमची छोटी पुडी पाउचला बास. कडक झाली की संपली. तव्यावर ठेवू नका.

गोदाकाठचा_धूर
😀 नाही ठेवत. पण रविवारपर्यंत मागवून येणार नाही.

चंचीवाले_आप्पा
माठाचा तुकडा घ्या. कोऱ्या माठाचा, रुपयाएवढा, कडा घासून. पंधरा-वीस मिनिटं पाण्यात, बाहेर काढून वरून कोरडा पुसायचा आणि ठेवायचा. परदेशी दुकानात हेच टिकलीसारखं करून महाग विकतात, नातवाने दाखवलं मला मोबाइलवर.

सातपूरचा_फिटर
आप्पा, हे मात्र शंभर टक्के. पाणी उकळून गार केलेलं घ्या, आणि तुकडा फडक्याच्या चिंधीत गुंडाळा. आणि पाउच खिशात, टाकीवर नाही.

गोदाकाठचा_धूर
(सोमवार) अपडेट. पुड्या काढल्या. वाळलेली तंबाखू फडक्याखाली चारेक तास ठेवली, उलगडायला लागली. चव निम्मीअधिक आली म्हणा, पेरिकचा झटका मात्र गेला तो गेलाच. डब्यातली ताजी १० ग्रॅम झिप पिशवीत, माठाचा तुकडा सोबत, पाउच शर्टाच्या खिशात. शनिवारी सकाळी भरली, रविवारी संध्याकाळी बॅकवॉटरला काढली, वाळली नव्हती!! पण आता पाईप गुडगुडतोय आणि सारखा विझतोय, सहा काड्या लागल्या, मित्र हसत होते. काय चुकलं?

सातपूरचा_फिटर
तुकडा दोन दिवस आतच होता?

गोदाकाठचा_धूर
हो मग? काढायचा असतो का?

सातपूरचा_फिटर
काढा हो. १० ग्रॅमला एक रात्र बास झाली. आता ओढायच्या आधी चिमूटभर कागदावर पसरून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, नाहीतर जिभेला वाफेचा चटका बसेल.

चंचीवाले_आप्पा
मी पंधरा-वीस मिनिटं पाण्यात म्हणालो होतो. यांनी रात्रभर भिजवला असणार.

गोदाकाठचा_धूर
…हो.

इंदिरानगरकर_ताई
सगळं झालं, पण पडद्यांचं कुणी सांगितलंच नाही.