शब्दचर्चा : 'आबे' म्हणजे पाद्री का?

दौतटाक :
एका दिवाळी अंकाला लेख दिला होता. विषय युझेब रनोदो, जन्म पॅरिस १६४६, मृत्यू पॅरिस १७२०. अरबी, आणि सिरिया-इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांच्या सिरियाक, कॉप्टिक या जुन्या भाषांतल्या हस्तलिखितांत बुडालेला माणूस. इजिप्तच्या ख्रिस्ती धर्मपीठाचा इतिहास लॅटिनमध्ये सविस्तर मांडला तो यानेच. मी सगळीकडे 'आबे रनोदो' लिहिलं होतं. मुद्रितं हातात आली तर एकूण एक 'आबे' कापून 'पाद्री' केलेलं, आणि समासात पेन्सिलीने शेरा : "वाचकाला आबा वाटेल."

माझ्या मते हे चूक आहे. पण 'आबे'ला मराठी शब्द कोणता, असं संपादकांनी फोनवर विचारलं तेव्हा माझी दातखीळ बसली. फ्रेंच जाणणारे आणि चर्चच्या वातावरणात वाढलेले, दोघांनीही सांगावं.

शंकासुर :
संपादकांचं काय चुकलं? ख्रिस्ती धर्माचं काम करतो तो पाद्री. मोल्सवर्थच्या काळापासून आपण हाच शब्द वापरतोय. शिवाय 'आबे'चं मूळ 'आबा'च असणार, म्हणजे वाचकाला आबा वाटला तरी बिघडलं कुठे?

वसईवाला :
शंकासुरराव, 'पाद्री' हा पोर्तुगीज 'पाद्रे'वरून आलेला, अर्थ 'बाप'. गोव्याच्या कोकणीत तो मानाने म्हणतात, 'पाद्र-विगार' म्हणजे गावच्या चर्चचा मुख्य. मराठीत मात्र त्याला हळूहळू वास लागला. 'पाद्र्यांनी बाटवले' या वाक्यात जो पाद्री असतो, त्याला आम्ही घरी कधी बोलावत नाही. आमच्याकडे येतात ते 'फादर'. छापील मराठीत 'धर्मगुरू'. प्रॉटेस्टंटांचे 'रेव्हरंड'. म्हणून नारायण वामन टिळक 'रे. टिळक' आणि उस्मानाबादच्या संमेलनाचे अध्यक्ष 'फादर दिब्रिटो'. टिळकांना कोणी 'फादर टिळक' म्हणालं तर आमच्या आळीतली शेंबडी पोरंही हसतील.

एकच विचारतो. हे रनोदो मिस्सा, म्हणजे चर्चमधली भाकर-द्राक्षरसाची उपासना, म्हणत होते का? कुठल्या धर्मग्रामात नेमणूक होती का? नसेल तर 'पाद्री'ही नको आणि 'फादर'ही नको.

कित्तेवाली :
वसईवाल्यांनी नेमका प्रश्न विचारला. फ्रेंच 'आबे' मूळचा मठाधिपती. ग्रीक-लॅटिन 'अब्बास'वरून आलेला, आणि तो अरामी 'अब्बा'वरून, म्हणजे पुन्हा बापच. पण रनोदोंच्या काळापर्यंत या शब्दाचं पाणी पार पातळ झालं होतं. डोक्यावर मधोमध गोल मुंडन करून घेतलं, काळा झगा चढवला, चर्चच्या एखाद्या जहागिरीचं उत्पन्न मिळालं किंवा मिळण्याची आशा असली, की माणूस 'आबे' झाला. पुरोहितपदाची दीक्षा झालेली असावीच लागे असं नाही. एखाद्या मठाचं उत्पन्न खाणारा पण त्या मठाचं तोंड न पाहिलेला आबे पॅरिसमध्ये गल्लोगल्ली सापडे. कवी, गणिती, दरबारी, कोणीही.

रनोदो जेझुइट धर्मसंघाच्या लोकांकडे शिकले, ऑरेटोरियन या दुसऱ्या धर्मसंघात गेले, थोड्याच काळात बाहेर पडले. झगा मात्र अंगावर राहिला. दिवस गेले ते राजदरबारात, ग्रंथालयात आणि 'गॅझेट'च्या कामात. हे 'गॅझेट' त्यांचे आजोबा तेओफ्रास्त रनोदो यांनी १६३१ मध्ये काढलेलं, फ्रान्समधलं पहिलं नियमित वर्तमानपत्र. म्हणजे आपले आबे एका हाताने बातम्या बघत आणि दुसऱ्या हाताने अरबी पोथ्या.

मराठीत आपल्याकडे एक फरक आहे, तो इथे उपयोगी पडतो. सत्यनारायण सांगतो तो भिक्षुक, आणि घाटावर बसून व्याकरणाचा काथ्याकूट करतो तो शास्त्री. दोघांचा पोशाख सारखा, पण शास्त्रीबुवांना तुम्ही मुंजीला दक्षिणा घ्यायला बोलवत नाही. रनोदो या हिशेबाने शास्त्री. 'शास्त्री रनोदो' लिहा असं मी म्हणत नाहीये हं, नाहीतर उद्या ते चित्पावन की देशस्थ यावर शंभर प्रतिसाद पडतील.

शंकासुर :
बरं, पाद्री मागे घेतो. आबा मात्र सोडत नाही. अब्बा, आबे, आबा, बाबा, बाप, पापा. इतकं सारखं असून संबंध नाही?

कित्तेवाली :
मूल ओठ मिटून पहिल्यांदा जे बोलतं ते जगभर 'बाबा-मामा'च असतं. त्यामुळे सारखेपणावरून नातं ठरत नाही. अरामी 'अब्बा' ते फ्रेंच 'आबे' हा प्रवास कागदावर दाखवता येतो. आपला 'आबा' त्या वाटेवर कुठेच लागत नाही, तो स्वतंत्रपणे घरात जन्मलेला.

दौतटाक :
ताई, धन्यवाद. गंमत म्हणजे रनोदोंच्या विषयातही जिथे हात घालावा तिथे बापच निघतो. कॉप्टिक मठवाशांना 'अपा' म्हणत. कॉप्टिक बिशपाला अरबीत 'अंबा' म्हणतात, तोही 'अब्बा'चाच भाऊ. (लेखात 'अंबा साविरुस' असं लिहिलं होतं, त्यावरही समासात प्रश्नचिन्ह : "देवी?") अलेक्झांड्रियाच्या बिशपाला 'पापा' म्हणण्याची रीत तिसऱ्या शतकातली. अरबीत 'प' नाही, म्हणून त्याचा 'बाबा' झाला. आजही कॉप्टिक लोक आपल्या प्रमुखाला 'अल-बाबा' म्हणतात. २०१२ मध्ये वारले ते बाबा शनूदा, त्यांच्यानंतर बाबा तवाद्रोस. आपल्याकडच्या बातम्यांत मात्र 'कॉप्टिक पोप'.

शंकासुर :
साविरुस म्हणजे तेच ना, इब्न अल-मुकफ्फा? पंचतंत्र अरबीत नेणारे? मग ते बिशप कसे?

दौतटाक :
नाही हो, इथे भले भले घसरतात. 'कलिला व दिम्ना'वाले इब्न अल-मुकफ्फा आठव्या शतकातले, मूळचे इराणी. साविरुस इब्न अल-मुकफ्फा दहाव्या शतकातले कॉप्ट. आधी सरकारी कारकून, मग मठवासी, मग वरच्या इजिप्तमधल्या अल-अश्मुनैनचे बिशप. 'मुकफ्फा' म्हणजे हात आखडलेला, वाळलेला. दोघांच्याही बापाला तेच विशेषण चिकटलं, एवढंच साम्य.

साविरुसांच्या नावावर 'धर्मपित्यांचा इतिहास' हा मोठा अरबी ग्रंथ चालत आला. संत मार्कपासून एकेका प्रमुखाचं चरित्र. अलीकडचे अभ्यासक संकलनाचं श्रेय अकराव्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या मौहूब इब्न मन्सूरला देतात. त्याने इजिप्तच्या वाळवंटातल्या वादी नत्रून इथल्या संत मकारियस मठातल्या आणि इतरत्रच्या जुन्या कॉप्टिक पोथ्या जमवून अरबीत उतरवून घेतल्या. ग्रंथाच्या प्रस्तावनेत कारण दिलंय ते मला फार लागतं : इजिप्तच्या लोकांना आता अरबीच कळते, बहुतेकांना कॉप्टिक येत नाही आणि ग्रीकही नाही. आपल्याच धर्माचा इतिहास आपल्या लोकांना समजावा म्हणून राज्यकर्त्यांच्या भाषेत लिहायचा.

रनोदोंनी याच ग्रंथाच्या आधाराने लॅटिनमध्ये तेराव्या शतकाअखेरपर्यंतचा इतिहास लिहिला, छापला १७१३ मध्ये. सरळ भाषांतर नाही ते. कुठे संक्षेप, कुठे टिपणं, कुठे वाद. वाद कशासाठी? तर कॅल्व्हिनपंथी प्रॉटेस्टंट म्हणत, मिस्सेच्या भाकरीत ख्रिस्त खरोखर असतो ही समजूत रोमने मागाहून घुसडली. रनोदोंचं उत्तर असं : रोमशी हजार वर्षांपूर्वी फारकत घेतलेल्या पूर्वेच्या चर्चना विचारा, तीही तेच मानतात. १७१६ मध्ये पूर्वेच्या उपासनाविधींचे दोन खंड काढले तेही याच हेतूने. हेतू भांडणाचा, पण त्यापायी कॉप्टिक, सिरियाक प्रार्थना पहिल्यांदा इतक्या भरघोस युरोपात छापल्या गेल्या.

माणूस सगळाच गोड नव्हता. पिएर बेल या फ्रेंच विचारवंताच्या कोशावर १६९७ मध्ये असा अभिप्राय दिला की फ्रान्समध्ये त्या कोशाला बंदी झाली. व्होल्तेरने पुढे रनोदोंच्या विद्वत्तेला मान देऊन नेमकं याच गोष्टीवर बोट ठेवलं.

वसईवाला :
त्या १७१३ च्या ग्रंथाच्या नावात 'याकोबी' शब्द आहे ना? तो तुम्ही लेखात कसा घेतलात? केरळात 'याकोबाय' सिरियन ख्रिस्ती आहेत, त्यामुळे कान टवकारले.

दौतटाक :
आहे. 'अलेक्झांड्रियाच्या याकोबी धर्मपित्यांचा इतिहास' असंच नाव. ४५१ मध्ये खल्केदोन इथे भरलेल्या चर्चच्या परिषदेचा ख्रिस्ताच्या स्वरूपाबद्दलचा निर्णय न मानणाऱ्यांना विरोधकांनी दिलेलं हे नाव. सहाव्या शतकातल्या याकोब बरादायस या सिरियन बिशपावरून पडलं. केरळातल्या नावाचं मूळ तेच. कॉप्टांचा त्या याकोबाशी थेट संबंध नाही, आणि त्यांना हे नाव आवडतही नाही. म्हणून मी ग्रंथाच्या नावापुरतं 'याकोबी' ठेवलं, बाकी सगळीकडे 'कॉप्ट'.

कित्तेवाली :
'कॉप्ट' की 'किब्ती'? ग्रीक 'आइगुप्तियोस' म्हणजे इजिप्तचा, त्याचं अरबीत 'किब्त', तेच युरोपात 'कॉप्ट'. म्हणजे 'इजिप्त' आणि 'कॉप्ट' एकाच शब्दाची दोन पोरं. आपलं मराठी बायबल मात्र 'मिसर' म्हणतं, अरबी-हिब्रूच्या बाजूने. मला 'किब्ती' जवळचा वाटतो, पण वर्तमानपत्रांनी 'कॉप्टिक' रुजवलाय. रुजलेलं उपटू नये.

बाकी शीर्षकात 'मिसरी' लिहू नका. मिसरी म्हटलं की माझ्या आजीची भाजलेली तंबाखू आणि काळी तर्जनी डोळ्यांसमोर येते.

दौतटाक :
कॉप्टिक भाषेवरून आठवलं. रनोदो पोथ्या वाचत पॅरिसात बसले होते, पण त्यांच्याच काळात योहान मिखाएल वान्सलेबेन हा डोमिनिकन संघाचा साधू प्रत्यक्ष इजिप्तमध्ये हिंडला. कोल्बेर या मंत्र्याने त्याला राजाच्या ग्रंथालयासाठी हस्तलिखितं आणायला धाडलं होतं. वरच्या इजिप्तमध्ये त्याला अथानासियस नावाचा म्हातारा कॉप्ट दाखवला गेला : याच्याबरोबर ही भाषा मरणार म्हणून. वान्सलेबेन भेटायला गेला तर म्हातारा ऐंशीचा आणि ठार बहिरा. काही बोलणं झालंच नाही.

शंकासुर :
अरेरे. हे लेखात आहे ना? नसेल तर 'आबे' गेला खड्ड्यात, आधी हे घाला.

वसईवाला :
आपल्या बाजूचं काही नाही का या रनोदोंकडे?

दौतटाक :
आहे, आणि ते मी मुद्दाम राखून ठेवलं होतं. १७१८ मध्ये त्यांनी हिंदुस्थान आणि चीनबद्दलची नवव्या-दहाव्या शतकातली अरबी प्रवासवर्णनं फ्रेंचमध्ये आणली. मूळचा मोठा भाग इ.स. ८५१ चा, पुढची पुरवणी इराणच्या किनाऱ्यावरच्या सिराफ बंदरातल्या अबू झैदची. त्यात जगातले चार थोर राजे मोजलेत : खलिफा, चीनचा, रूमचा (म्हणजे बायझंटाइन सम्राट) आणि 'बल्हरा'. हा बल्हरा म्हणजे आपले राष्ट्रकूट. 'वल्लभराज'चं प्राकृत 'बल्लहराय', त्याचं अरबी कानांनी ऐकलेलं 'बल्हरा'. ८५१ मध्ये गादीवर अमोघवर्ष, राजधानी मान्यखेट, आजचं कलबुर्गी जिल्ह्यातलं मालखेड. शब्दचर्चेला साजेसं म्हणजे, तो अरब लेखक स्वतःच खुलासा करतो की बल्हरा हे कुणा एकाचं नाव नाही, इराणात जसा 'किस्रा' तशी ही पदवी.

आणि बल्हराचा मुलुख सुरू होतो समुद्रकाठच्या 'कमकम' नावाच्या प्रदेशापासून. अरबीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे कमकम वाचा, कुमकुम वाचा. आहे ते कोकणच.

हस्तलिखित नेमकं कुठलं हे रनोदोंनी धड नोंदवलं नाही. त्यामुळे ते गेल्यावर लोक म्हणू लागले, हे सगळं आबेंनी मनानेच रचलं. १७६४ मध्ये द गीन्य या अभ्यासकाला राजाच्या ग्रंथालयात मूळ अरबी पोथी मिळाली तेव्हा कुठे डाग गेला.

कित्तेवाली :
बघा, आताच तुम्ही 'आबेंनी' लिहिलंत आणि कोणालाही अडखळायला झालं नाही. मी असं सुचवते : पहिल्या उल्लेखात 'आबे युझेब रनोदो', आणि त्याच वाक्यात ओघात सांगून टाका की त्या काळी फ्रान्समध्ये चर्चचा झगा घातलेल्या विद्वानालाही आबे म्हणत. पुढे नुसतं 'रनोदो'.

वसईवाला :
अनुमोदन. फक्त 'रेनॉडॉट' छापून येणार नाही एवढं बघा.

शंकासुर :
माझी शेवटची शंका. 'आबेंनी' हे आदरार्थी म्हणून ठीक. पण अठराव्या शतकातले चार-पाच आबे एकत्र जेवायला बसले, तर 'आबेंनी' की 'आब्यांनी'?

दौतटाक :
'आब्यांनी' केलंत तर समासात पुन्हा पेन्सिल फिरेल : "आंब्यांनी?"