पहिल्या वर्षाला टॅबलेट हवाच का?

कोरी वही (धागाकर्ती)
विद्यापीठात प्रवेश मिळाला की पहिली मागणी असते टॅब आणि पेनाची. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या वर्षी घेऊ नका. घरात जुना लॅपटॉप असेल आणि त्यात अजून फिरती हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवा, रॅम निदान ८ जीबी करा. (काही पातळ मॉडेलांत रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असते, तेवढं आधी तपासा.) सुरू व्हायला दोन-दोन मिनिटं घेणारं यंत्र काही सेकंदांत उघडतं. वाचलेल्या पैशांत बॅकअपसाठी एक बाहेरची डिस्क घ्या.

आणि झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर पहिल्या सत्रापासून वापरा, फुकट आहे. ब्राउझरमधलं बटण दाबलं की शोधनिबंधाचं शीर्षक, लेखक, वर्ष सगळं नोंदलं जातं. वर्डमध्ये लिहिताना संदर्भ तिथूनच टाकत गेलात तर शेवटची यादी आपोआप बनते. मार्गदर्शकांनी ऐनवेळी संदर्भशैली बदलायला लावली तरी रात्र जागावी लागत नाही.

निळी शाई
झोटेरोला +१, बाकी असहमत. सेंद्रिय रसायनातली रचनासूत्रं किंवा सर्किटच्या आकृत्या तासाच्या वेगाने टाइप करून दाखवा! टॅबवर स्लाइड उघडायची आणि तिच्यावरच पेन चालवायचं. इलेक्ट्रॉनची जोडी कुठून कुठे गेली, तो बाण त्याच रेणूवर राहतो. वहीत आधी अख्खा रेणू उतरवावा लागतो, तोवर फळा पुसलेला असतो.

कोरी वही
विज्ञानशाखेपुरतं मान्य. पण बाकीच्यांनी कागदच वापरावा. म्युलर आणि ओपेनहायमर यांचा नोट्स घेण्यावरचा २०१४ चा अभ्यास आहेच: लॅपटॉपवाले शब्दशः उतरवत जातात आणि संकल्पनांच्या प्रश्नांत हाताने लिहिणारे पुढे राहतात.

खाडाखोड
तो अभ्यास सगळे सांगतात, पुढचं कुणी सांगत नाही. २०२१ मध्ये तोच प्रयोग पुन्हा केला गेला. लॅपटॉपवाले शब्दशः जास्त लिहितात हे परत दिसलं, पण गुणांत हाताने लिहिण्याचा फायदा दिसला नाही. माझ्या मते खरा फरक नोट्स पुन्हा उघडण्यात आहे. तिथे अँकी हे प्रश्नोत्तरांच्या कार्डांचं अ‍ॅप कामी येतं: जे कार्ड चुकतं ते लवकर समोर येतं, ज्याचं उत्तर बरोबर येतं ते लांबत जातं. फक्त दुसऱ्याची तयार कार्डं उतरवून घेऊ नका. स्वतः प्रश्न बनवताना निम्मा अभ्यास होतो.

जाड भिंग
माझी दृष्टी अधू आहे, म्हणून वेगळी बाजू मांडतो. कागद की टॅब हा वाद ज्यांना दोन्ही वाचता येतं त्यांचा. मला एनव्हीडीए लागतं. हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) मोफत आहे, पण स्कॅन केलेली पीडीएफ त्याच्या दृष्टीने नुसतं चित्र. त्यावर आधी ओसीआर करावं लागतं, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवावा लागतो. त्यात समीकरणं आणि तक्ते हमखास बिघडतात. इथे शिक्षक असतील तर कळकळीने सांगतो: पानांचे फोटो टाकू नका, मूळ फाइल टाका. त्यासाठी कुणालाच काही विकत घ्यावं लागत नाही.

निळी शाई
@जाड भिंग, पूर्ण सहमत. हे आमच्या वर्गाच्या ग्रुपवर आजच टाकते. हेच माझ्या नोट्सनाही लागू आहे, त्यामुळे यापुढे पीडीएफसोबत टाइप केलेला मजकूरही देईन. @कोरी वही, बाहेरची डिस्क मात्र कशाला? सगळं क्लाउडवर असतंच.

कोरी वही
सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. लॅपटॉपवर फोल्डर चुकून उडवलंत की क्लाउडवरूनही उडतं. कचरापेटीतून परत मिळतं, पण ठरावीक दिवसांपर्यंतच. झोटेरोची फुकट साठवणसुद्धा ३०० एमबीच. पीडीएफ जोडत गेलात तर लवकर भरते. आठवड्यातून एकदा डिस्क जोडा, कॉपी करा आणि काढून ठेवा. कायम जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर (फाइली अडकवून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) तीही कुलूपबंद करतं.